धावणं सुटतं कुठे? हौशी धावपटूंसाठी तयारीपासून शर्यतीनंतरपर्यंतचा क्रम

दर पावसाळ्यात धावण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवी नावं येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली बरीचशी 'गुड मॉर्निंग'पुरती उरतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मनच घेत नाही हो सर." खोदून विचारलं की कळतं, आधी हाफ मॅरेथॉनचे पैसे भरले, मग बूट घेतले, पहिल्याच आठवड्यात शेजारच्याच्या वेगाने पळाले, तिसऱ्या आठवड्यात नडगी धरली, दुखत्या पायाने आणखी पंधरा दिवस रेटलं आणि एका पहाटे गजर बंद करून कूस बदलली. हुरूप सगळ्यात शेवटी गेला. त्याआधीच्या गोष्टी उलट्या क्रमाने झाल्या होत्या.

त्यामुळे इथे सगळा भर क्रमावर आहे. डोळ्यांसमोर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21.1 किलोमीटर, धरली आहे. शर्यत दुसऱ्या तारखेला असेल तर आठवडे मागे मोजून घ्या. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी हा लेख नाही. 1600 मीटर ठरलेल्या वेळेत मारणं हे वेगळं काम आहे, आणि त्या मुलांचं वेळापत्रक चाळिशीच्या माणसाने उचलू नये. दरवर्षी कोणी ना कोणी उचलतंच.

## टप्पा 1 : आधी तब्येत, मग बूट, मग जागा, पैसे सर्वांत शेवटी

तब्येत. वय चाळिशीपुढे असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, चालताना छातीत दाटून येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तो ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन तपासूनच सुरुवात करावी. महिनाभर नेमाने पळूनही जिना चढताना धाप लागत असेल, तर त्याला आळस म्हणू नका. अनेकदा तो रक्त कमी असल्याचा परिणाम असतो आणि कितीही जिद्द धरली तरी तो जात नाही.

बूट. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि धावतानाही तो तसाच सुजतो. पळताना घालणार तेच मोजे नेऊन दोन्ही पायांत घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानातच चार पावलं पळा. टाच वर सरकत असेल तर लगेच नंबर बदलू नका. बुटाच्या तोंडाशी, सर्वांत वर एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घेऊन छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूलाही तसाच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली ओढा. टाच जागेवर बसते आणि पुढे बोटं मोकळी राहतात. लांब पळल्यावर नख काळं पडण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटाव्यात.

बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतो. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. वरून नवा दिसणारा बूट आतून बसलेला असू शकतो.

जागा. दोन हव्यात, एक मऊ आणि एक डांबरी. संभाजीनगरात विद्यापीठाचा परिसर, परभणीत कृषी विद्यापीठाचा परिसर, गावाकडे कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता. मुरूम पायाला उत्तम. काळ्या मातीची पायवाट मात्र पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा ती सोडा.

वाहत्या रस्त्यावर उजव्या बाजूनेच पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पण रस्त्याची कड बाहेर उतरती असते, त्यामुळे उजवा पाय सतत खाली पडतो, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची बरीच दुखणी इथून निघतात. लांबची पळ म्हणूनच कॅम्पसमध्ये किंवा मैदानात घ्यायची.

> सावध : गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, पहाटे उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अंधारात अशा रस्त्यावर पळायचंच असेल तर चमकणारं जाकीट आणि डोक्याचा दिवा हवा. कानात गाणी नकोत.

> कुत्री : पळ वाढवू नका. थांबा, त्यांच्याकडे तोंड करा आणि हळू चालत बाहेर पडा. चावा किंवा नुसता ओरखडा असला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना नको.

पैसे. मोठ्या शहरांतल्या शर्यतींची नोंदणी महिनोन् महिने आधी भरते, म्हणून लोक घाई करतात. पहिल्या वर्षी घराजवळची शर्यत धरा, आणि 30 मिनिटं न थांबता पळता येईपर्यंत नाव नोंदवू नका. पैसे भरले की जोर येतो असं म्हणतात. येतो, पण तोच जोर दुखऱ्या पायालाही थांबू देत नाही.

## टप्पा 2 : वेळ घरच्यांशी बोलून ठरवा

हा टप्पा सगळे वगळतात. आठवड्यातले तीन दिवस पक्के आणि एक राखीव, एवढंच ठरवायचं आहे, पण ते घरातल्या खऱ्या घड्याळावर बसवा. नळाला ज्या दिवशी पाणी येतं त्या सकाळी पळायला गेलात तर परत आल्यावर काय ऐकावं लागतं हे मराठवाड्यात सांगायला नको. तो दिवस सुट्टीचा. ज्यांचं सोयाबीन आहे त्यांनी ऑक्टोबरातला एक आठवडा कमी पळण्याचा म्हणून आधीच वहीत लिहावा. काढणीला दिवसभर वाकलेल्या कमरेवर संध्याकाळी 8 किलोमीटर लादू नयेत.

वाळूज-शेंद्र्याला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी एकच नियम: रात्रपाळीवरून सुटल्यावर थेट लांब पळायचं नाही. आधी झोप, मग संध्याकाळी हलकी पळ. न झोपलेलं अंग लवकर दुखावतं.

बायकांना अंधारात एकटीने जाणं अनेक ठिकाणी सोयीचं नसतं, आणि जानेवारीत सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. दोघी-तिघींनी मिळून वेळ ठरवणं किंवा संध्याकाळी मैदानावर फेऱ्या मारणं यात काही कमीपणा नाही. गोल फेऱ्या कंटाळवाण्या असतात खऱ्या; दर दोन किलोमीटरला दिशा बदला, पायालाही बरं.

एक 'किमान पळ' ठरवून ठेवा, 20 मिनिटांची. मन घेत नाही त्या दिवशी तेवढीच करायची, आणि वहीत ती पूर्ण म्हणूनच लिहायची.

> तपासा : पुढच्या चार आठवड्यांतली लग्नं, गावची जत्रा, मुलांच्या परीक्षा वहीत आल्या का? नसतील तर वेळापत्रक अजून झालेलं नाही.

## टप्पा 3 : पहिले आठ आठवडे, हळू म्हणजे खरोखर हळू

ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू करा. दिवसाआड, 30 मिनिटं.

- आठवडा 1-2 : 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं, दहा वेळा
- आठवडा 3-4 : 2 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं, दहा वेळा
- आठवडा 5-6 : 4 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं, सहा वेळा
- आठवडा 7 : 9 मिनिटं पळणं, 1 मिनिट चालणं, तीन वेळा
- आठवडा 8 : 30 मिनिटं सलग

वेगाची कसोटी एकच: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "चला" एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. मनगटावरच्या घड्याळाचा हृदयाचा आकडा बऱ्याचदा चुकतो, बोलण्याची कसोटी चुकत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे रोज मध्यम वेगाने पळणं. सोपंही नाही, जोराचंही नाही, रोज तेच. अंग सावरायला वेळ मिळत नाही आणि वेगही वाढत नाही. दम लवकर सुधारतो, पण हाडं, स्नायूबंध यांना महिने लागतात. सहाव्या आठवड्यात छाती म्हणते पळ, आणि नडगी अजून तयार नसते. पाय धरतो तो बहुतेकदा याच आठवड्यांत.

दुसरी चूक स्ट्राव्हाची, म्हणजे पळण्याच्या नोंदी टाकायच्या अ‍ॅपची. तिथे दुसऱ्याचा वेग दिसतो. त्याचं वय, त्याची दहा वर्षं आणि त्याची झोप दिसत नाही. पहिले आठ आठवडे वेगाचा आकडा दिसणार नाही असं घड्याळ लावा किंवा साधं घड्याळ वापरा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विक्रम 8 मिनिटं 09.91 सेकंदांचा आहे, हे आपल्या भागातल्या पोरांना पाठ असतं. असूद्या. त्याचा आपल्या मंगळवारच्या पळीशी काही संबंध नाही.

> तपासा : 30 मिनिटं सलग, बोलत बोलत, दुसऱ्या दिवशी न लंगडता झाली? आता नाव नोंदवा. झाली नसतील तर आठवा आठवडा पुन्हा.

## टप्पा 4 : बांधणी, सोळा रविवार

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रविवारची लांब पळ अशी वाढवा (किलोमीटरमध्ये):

6, 7, 8, 6 — 9, 10, 11, 8 — 12, 13, 15, 10 — 16, 18, 10, आणि सोळाव्या रविवारी शर्यत.

दर चौथ्या रविवारी अंतर कमी होतं ते मुद्दाम. "अंगात आहे तर कशाला कमी करायचं?" असं त्या दिवशी हमखास वाटतं. कमी करा. शर्यतीआधी पूर्ण 21 पळून बघायची गरज नाही, 18 नीट झाले की पुरतं.

मधल्या दोन दिवसांपैकी मंगळवारी 30 ते 45 मिनिटं हलकं. गुरुवारी, तेही पाचव्या आठवड्यानंतर, थोडं जोराचं: चढावर 45 सेकंद पळून चालत खाली यायचं, सहा ते आठ वेळा. संभाजीनगरकरांना विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी जवळ आहे. दौलताबादच्या घाटात मात्र वाहनं फार, तिथे चढाचा सराव नको. उतारावर वेग घेऊ नका. मांड्या भरून येतात त्या चढाने नव्हे, उताराने.

आठवड्यातून दोनदा 15 मिनिटं ताकदीचा व्यायाम, घरीच: पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून हळू उठणं-बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. हे कंटाळवाणं असतं आणि फोटो काढण्यासारखं नसतं, म्हणून कोणी करत नाही. वेळ कमी असेल तर एक पळ सोडा, पण हे सोडू नका.

खाणं-पाणी. पळायच्या आधी नुसत्या चहावर निघालात तर तासाभरापर्यंत चालतं. 90 मिनिटांच्या पुढे जायचं असेल तर अर्धा-पाऊण तास आधी केळं किंवा दोन-तीन खजूर, आणि पळताना दर 40 मिनिटांनी गुळाच्या चिक्कीचा तुकडा किंवा खजूर. महागडे जेल वापरायचे तर वापरा. मात्र शर्यतीच्या दिवशी जे खाणार ते आधी किमान तीन रविवार पोटाला दाखवून घ्या. रात्री ज्वारीची भाकरी नेहमीची असेल तर तीच. फक्त शनिवारी रात्री तर्रीदार मटण आणि वाटीभर ठेचा नको, इतकं पथ्य.

पाणी तहानेप्रमाणे. भीतीने लिटर-लिटर पाणी पिणंही धोक्याचं, त्याने रक्तातलं मीठ उतरतं. लांब पळीनंतर ताक-मीठ किंवा लिंबू-मीठ-साखर. ओआरएसचं मोठं पाकीट घेतलं तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच, म्हणजे एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धं पाकीट टाकून पिऊ नका.

नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्यांनी त्या आठवड्यात फक्त किमान पळ ठेवावी. भगर खाऊन पळता येतं. निर्जळी करून पळणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

## टप्पा 5 : दुखायला लागलं तर

सर्वांत जास्त माणसं इथे गळतात, आणि दोन टोकांना गळतात. एक जण "नस चढली असेल" म्हणत बाम चोळून पळत राहतो. दुसरा एका दुखण्यावर महिनाभर घरी बसतो आणि मग उठतच नाही. मधला रस्ता आहे, पण तो दुखत असताना सुचत नाही. त्या क्षणी आपण आपल्याच बाजूने निकाल देतो. म्हणून नियम आधी लिहून कपाटाच्या आत चिकटवा.

पहिला नियम : आकडा द्या. दुखण्याला 0 ते 10 मध्ये गुण द्या, पळताना, पळून झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

- 0 ते 3, आणि सकाळपर्यंत पहिल्यासारखं : पळा, पण अंतर वाढवू नका, चढ-उतार टाळा.
- 4-5, किंवा सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त : पुढचे तीन-चार दिवस पळणं बंद, चालणं किंवा सायकल.
- 6 च्या वर, किंवा पाऊल वेगळं पडायला लागलं : तिथेच थांबा, रिक्षाने घरी या.

लंगडणं हा वेगळा नियम आहे. दुखणं 2 असलं तरी लंगडत असाल तर पळ संपली. लंगडत पळणारा माणूस एका दुखण्याची दोन करतो.

दुसरा नियम : नेमकं कुठे ते बोटाने दाखवा.

*नडगी.* आतल्या कडेने चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा ठणकत असेल तर बहुतेक भार एकदम वाढल्याचं आहे. पळणं निम्मं करा, मऊ जागा धरा, पोटरीची ताकद वाढवा. पण एकाच बोटाखाली मावेल असा बिंदू दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून "फोटोत काही नाही" एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. पुढे एमआरआय लागतो का ते विचारा.

*टाच.* सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला सुई टोचल्यासारखं होतं आणि दहा-बारा पावलांत कमी होतं, ही तळव्याच्या पट्ट्याची तक्रार. घरात शहाबादी फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घाला. पलंगाखाली पाय टेकण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून धरा. पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाचा सावकाश वर-खाली, दिवसाआड. हे महिने घेतं. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नका.

*गुडघा.* वाटीभोवती, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर दुखत असेल तर मांडी आणि कुल्ल्याची ताकद कमी पडतेय. पावलं लहान आणि जलद टाका. बाहेरच्या बाजूला, दर वेळी ठरावीक किलोमीटरला धरत असेल तर त्या अंतराच्या आत थांबा, उतार आणि उतरती कड टाळा. गुडघा सुजला, अडकला किंवा निसटल्यासारखा झाला तर डॉक्टर.

*टाचेमागची शीर.* सकाळी ताठ, चालल्यावर सैल. ताणायच्या मागे लागू नका. सावकाश टाचा उचलण्याने ती सुधारते. चढ आणि जोराच्या पळी बंद. पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा फटका बसला तर त्याच दिवशी दवाखाना.

*घोटा.* मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे. नाहीतर दोन दिवस आराम, बर्फ, पट्टी. मग हळूहळू चालणं. बरा झाल्यावर दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो तोल बिघडलेला राहतो म्हणून.

> सावध : ताज्या सुजेवर जोरात मालिश नको. न तपासता ओढून 'बसवून' घेणं नको. आणि मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊन पळणं तर बिलकुल नको. दुखणं झाकलं जातं, आणि अंगातलं पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला बाधतात. शर्यतीच्या सकाळी 'खबरदारी म्हणून' गोळी वाटणारा एखादा उत्साही भेटतोच. हात जोडा आणि पुढे व्हा.

तिसरा नियम : गजर बंद करायचा नाही. पळणं थांबलं तरी उठायची वेळ तीच. त्या अर्ध्या तासात सायकल, चालणं, ताकदीचा व्यायाम, दुखण्याला जे चालेल ते. आठवडाभर न पळल्याने कमावलेलं जवळपास काहीच जात नाही, दोन आठवड्यांनी थोडंफार उतरतं. पण सवय मात्र चार दिवसांत मोडते. "सर, आज किती झाले?" हा ग्रुपवरचा प्रश्न सोसवत नसेल तर ग्रुप महिनाभर म्यूट करा, सोडू नका. रविवारी इतरांच्या लांब पळीला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं राहा. तिथे कळतं की सगळ्यांचंच काहीतरी दुखत असतं.

परत सुरू करताना. तीन गोष्टी न दुखता झाल्या पाहिजेत: 30 मिनिटं भरभर चालणं, दुखऱ्या पायावर 20 वेळा टाच उचलणं, त्याच पायावर 10 उड्या. मग टप्पा 3 मधलं पळणं-चालणं, दिवसाआड. प्रत्येक पायरी दोनदा नीट झाली की पुढची. आठवडाभराचा खंड असेल तर सोडलं तिथूनच, थोडं कमी अंतराने. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर टप्पा 4 च्या रविवारांत तीन रविवार मागे. महिन्यापेक्षा जास्त असेल तर शर्यत 10 किलोमीटरची करून घ्या किंवा सोडा.

आणि निकालाचा दिवस आत्ताच ठरवा: शर्यतीच्या चार आठवडे आधीचा रविवार. त्या दिवसापर्यंत 13 किलोमीटर न लंगडता झाले नसतील तर 21 पळायचे नाहीत. भरलेले पैसे गेलेलेच आहेत, पळून ते परत येत नाहीत.

## टप्पा 6 : शर्यतीचे शेवटचे पंधरा दिवस

पळणं जवळपास निम्मं करा. दिवस तेच, अंतर कमी. याच काळात नसलेली दुखणी जाणवायला लागतात आणि "तयारी कमी पडली" अशी टोचणी लागते. शेवटच्या आठवड्यात भरून काढायला गेलात तर फक्त थकवा भरतो.

नवे बूट, नवे मोजे, आयोजकांनी दिलेला नवा टी-शर्ट शर्यतीला घालायचा नाही. काखेत, मांड्यांत, पुरुषांनी स्तनाग्रांना व्हॅसलीन. बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, आदल्या रात्रीच चार पिनांनी लावून ठेवा.

मुंबई मॅरेथॉनला जाणार असाल तर दोन गोष्टी. बिब शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, आधीच्या दिवसांत एक्स्पोमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, जाऊन घ्यावा लागतो. म्हणून शनिवारी सकाळी पोहोचेल अशी गाडी धरा, शनिवारी रात्री निघणारी नको. दुसरं म्हणजे दमट हवा. आपल्याकडे जानेवारीत कोरडी थंडी असते, घाम लगेच उडतो. मुंबईत तो अंगावरच राहतो आणि नेहमीच्या वेगाला दम जास्त लागतो. घरच्या वेगापेक्षा दर किलोमीटरला 15-20 सेकंद सावकाश धरा, आणि पेडर रोडच्या चढासाठी पाय शिल्लक ठेवा.

वेगाचा हिशोब. अडीच तासांत हाफ संपवायची तर किलोमीटरला साधारण 7 मिनिटं 6 सेकंद पडतात. पहिले 5 किलोमीटर 7:20 ने जा. भोवतीचे सगळे पुढे जातील, ढोल वाजत असतील, पाय आपोआप उचलतील, तरी 7:20. पंधराव्या किलोमीटरनंतर अंगात असेल तर वेग वाढवा. सुरुवातीला वाचवलेला एक मिनिट शेवटी पाच मिनिटं खातो.

> थांबा : छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर काटा येऊन घाम एकदम बंद होणं, पावलं भरकटणं. यातलं काहीही झालं तर रस्त्याच्या कडेला बसा आणि मदतीला हाक मारा. दुसऱ्या कोणाला होताना दिसलं तर तुमचं घड्याळ विसरा.

## टप्पा 7 : शर्यतीनंतरचा महिना

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. अर्ध्या-एक तासात काहीतरी पोटात. परतीच्या गाडीत दर तासाला उठून डब्यात फेरी मारा.

पहिला आठवडा पळणं नाही, फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात दोन किमान पळी. जोराचं काहीही तिसऱ्या आठवड्याच्या आत नको. मेडल मिळाल्याच्या भरात मंगळवारीच पुन्हा पळणारे फेब्रुवारीत टाच धरून बसतात.

यानंतर एक रिकामपण येतं. चार महिने ज्याच्यासाठी उठत होतो ते संपलेलं असतं, आणि जे जानेवारीत पळाले त्यांच्यातलेच कितीतरी मार्चमध्ये दिसेनासे होतात. त्यावर लगेच मोठी शर्यत नोंदवणं हा लोकांचा आवडता उपाय. हाफ झाली की 42 किलोमीटर. वर्षभर थांबा. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चात लहान काहीतरी धरा: 5 किलोमीटर थोडं जोरात, किंवा घरातल्या कोणाला तरी टप्पा 3 चा पहिला आठवडा करून द्या. त्यांच्याबरोबर 1 मिनिट पळून 2 मिनिटं चालताना आपलाही पाय सुटतो.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो. पहाटे पाचला निघा, सहाच्या आत उजाडतं आणि सातपर्यंत घरी. गरमीची सवय व्हायला अंगाला दहा ते चौदा दिवस लागतात, त्या काळात वेळ बघा, अंतर बघू नका. लांब पळ तासाभरावर आणा. आठवड्याला तीन किमान पळी झाल्या तरी उन्हाळा निभावला असं समजा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बुटाच्या जिभेवरची तारीख बघा आणि गरज असेल तर संध्याकाळी दुकानात जा.